पासष्टातून वजा

ह्यूस्टनमध्ये डिसेंबरच्या मध्यरात्रीही
कधी कधी पंखा लागतो.
एव्हरिस्त ब्रूसार्ड अर्ध्या बाह्यांच्या शर्टात
बाविसाव्या मजल्यावर बसून
थंडीची वाट पाहतो.

साडेबाराला युरोपचं मॉडेल उतरू लागतं.
एका प्रश्नाची एकावन्न उत्तरं.
एकावन्न, म्हणजे आहेराच्या पाकिटातला आकडा,
वरचा एक शुभ म्हणून.
सोमवारी त्यातले नऊ जण म्हणत होते
ध्रुवावरचा गारठा सुटणार, खाली घसरणार.
बुधवारी, एकतीस.

त्याच्या धंद्यात पासष्ट फॅरनहाइट हा उंबरठा.
दिवसाची सरासरी पासष्टातून वजा करायची,
उरेल ती थंडी.
तिला शहरातल्या माणसांनी गुणलं
की कळतं किती गॅस जळेल.
त्याची मुलगी दुसरीत असताना
ही वजाबाकी करून द्यायची
आणि विचारायची,
बाबा, उत्तर कोणाकडे जातं?

उत्तर साडेचारला गेलं.
सातच्या आत गॅस अकरा टक्क्यांनी वर.
जास्तीची एकही भट्टी पेटली नव्हती.
शिकागोत त्या दिवशी पाऊस होता,
लोक कोटाची बटणं उघडी टाकून हिंडत होते.
बाजारात तुरी, असं आपण हसून म्हणतो,
पण तिथे निदान तुरी तरी असतात.
इथे सगळं भांडण
दोन आठवड्यांपुढच्या एका मंगळवारावरून.

आणि ज्या गावच्या नावे हा भाव पुकारतात
ते लुइझियानात, दलदलीच्या काठावर:
उसाचे फड, बगळे,
कुंपणाआड एकमेकांत शिरलेले जाडजूड नळ.
एव्हरिस्त तिकडचाच.
त्याच कुंपणाला सायकल टेकवून
चिखलातले झिंगे पकडायचा.
बर्फ पहिल्यांदा पाहिला एकविसाव्या वर्षी.
ओंजळीत घेऊन म्हणाला,
अरे, हा तर हलका असतो.

दहा जानेवारीला गारठा निघाला. खरंच निघाला.
वाटेत त्याला काय सुचलं कोण जाणे,
पूर्वेला वळला
आणि लॅब्राडोरच्या समुद्रावर सांडला,
जिथे मीटर बसवलेले नाहीत.
भाव चढताना पायऱ्या मोजत चढला होता,
उतरताना गच्चीवरून पडला.
एका गिऱ्हाइकाने फोनवर शिव्या दिल्या.
दुसऱ्याने व्हिस्कीची बाटली पाठवली,
तो उलट्या बाजूला उभा होता.
बाटली अजून टेबलाखाली आहे, खोक्यासकट.

रविवारी बहिणीचा फोन.
ओडील, डुलुथला असते, सरोवराकाठी.
तिची लाँड्री, चौदा ड्रायर, सगळे गॅसवर.
म्हणाली, टीव्हीवर भाव बघून घाबरले रे,
वर्षभराचा दर बांधून घेतला.
केव्हा?
बुधवारी. दुपारी.
तो काही बोलला नाही.
मग त्याने विचारलं, किती वर्षांचा?
वर्षभराचा म्हटलं ना आत्ताच.
हो. म्हटलंस.

तिकडून ड्रायरचा आवाज येत होता,
कुणाचं तरी नाणं आत राहिलेलं,
ठण, ठण, फिरणारं.
सरोवर अजून उघडंच आहे, ती म्हणाली,
मासेमारीच्या खोपट्या काठावर तशाच पडून.
यंदा न आलेल्या थंडीचं बिल भरतेय मी,
तुझ्यासारख्या कुणीतरी सांगितली असणार.
आणि हसली.

तोही हसला, थोडा उशिरा.
म्हणाला, बाहेर आत्ता किती आहे?
फोनमध्ये बघ की, तुझंच खातं ते.
नाही, तू सांग.
थांब मग, खिडकी उघडते.

खिट्टी अडकलेली, तिने ठोकली दोनदा.
तो थांबला.
पेनाचं टोपण काढलेलं,
कागदावर नुसतं पासष्ट, आणि पुढे वजाची रेघ.
तिचा हात बराच वेळ बाहेर होता.

कळत नाही रे, ती म्हणाली.
ओलं आहे.